ऊन डावीकडून

त्यांना काका म्हटलेलं चालत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले ती दोन बॅगा ओढत, घामाने निथळत, आणि हे गृहस्थ दार अर्धवट उघडून मला सांगतात, "एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी तुमचा काका नाही, घरमालक आहे. काका झालं की रागावता येत नाही, आणि मला रागवावं लागतं."

आतून एका बाईंचा आवाज आला, "अहो, तिला आत तर येऊ द्या. मग रागवा सावकाश."

त्या काकू. त्यांना काकू म्हटलेलं चालायचं. त्यामुळे पुढची चार-पाच वर्षं माझ्या बोलण्यात एक काकू असायच्या आणि एक घरमालक. ऑफिसातल्या मैत्रिणींना कित्येक दिवस वाटत होतं की ही माणसं दोन वेगळ्या घरांतली आहेत.

बुओना व्हिस्टाला बाराव्या मजल्यावर त्यांचा एचडीबीचा, म्हणजे तिथल्या सरकारी वसाहतीतला, फ्लॅट होता. माझं ऑफिस वन-नॉर्थला, चालत जाण्याच्या अंतरावर. मी पुण्याहून नुकतीच नोकरीसाठी सिंगापूरला आले होते, एकटीने राहायचा धीर होत नव्हता, आणि आई फोनवर रोज विचारत होती की घरात कुणी मराठी बाईमाणूस आहे का. म्हणून ती खोली घेतली. नाहीतर असल्या तिरसट माणसाकडे कोण राहायला जाईल!

तिरसट म्हणजे किती? बाथरूममधला दिवा मी चुकून चालू ठेवला, तर हे माझ्या खोलीच्या दारावर टकटक करून म्हणणार, "आपण दिवा चालू ठेवलात. मी बंद केला. कळवायला आलो." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला कायम अहोजाहो. त्यांना मूलबाळ नव्हतं. जुरोंगच्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर होते, साठीला आलेले, उंच, काटकुळे, शर्टाचं गळ्याशीचं बटणसुद्धा लावणारे. आठवडाभर नोकरी करायची, शनिवारी लेन्स पुसायच्या, रविवारी काकूंबरोबर ईस्ट कोस्टला जायचं आणि समुद्राकडे पाठ करून बाकावर बसायचं. समुद्र त्यांना आवडत नसे. "सारखा हलतो," म्हणायचे.

त्यांना आवडायची फक्त एक गोष्ट. जपानात फेब्रुवारीत, अजून कडाक्याची थंडी असते तेव्हा, देवळांच्या आवारात एक झाड फुलतं. उमे म्हणतात त्याला. आपण आलुबुखारा म्हणतो ना, त्याच्या नात्यातलं. पानं नसतात, नुसत्या काळ्या वाकड्या फांद्या, आणि त्यांवर पांढरी नाहीतर गुलाबी बारीक फुलं. दर वर्षी हे रजा काढून काकूंना घेऊन तिकडे जायचे आणि त्या फुलांचे फोटो काढायचे. वसंतातल्या प्रसिद्ध साकुराचं नाव त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मी एकदा काढलं. म्हटलं, "साकुरा बघायला नाही का जात? सगळं जग जातं."

"सगळं जग जातं, म्हणूनच नाही जात," ते म्हणाले. "साकुराची जत्रा भरते. उमे फुलतो तेव्हा बघायला कुणी नसतं. देवळातला एखादा झाडूवाला आणि मी."

"आणि मी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आणि ही," ते म्हणाले.

जानेवारी लागला की त्या घरात थंडी यायची. बाहेर तेच सिंगापूर, तीच चिकचिक, दुपारी चार वाजता तोच धबाधबा पाऊस, आणि आमच्या हॉलमधला एसी सोळावर. त्याच्यासमोर हे कानटोपी घालून, लोकरी हातमोजे चढवून उभे. हातमोज्यांतून कॅमेऱ्याची बटणं फिरवायचा सराव चालायचा. श्वास कसा सोडायचा, किती वेळ न हलता उभं राहायचं, सगळ्याची तालीम. एका सकाळी कानटोपी न काढताच लिफ्टपाशी गेले, तर शेजारची चिनी आंटी घाबरली.

"अंकल, यू सिक आ? व्हाय लाइक दॅट?"

"नो," हे गंभीरपणे म्हणाले. "आय ॲम गेटिंग रेडी."

मागून काकूंनी आंटीला सांगितलं, "ही इज मॅड लाह." दोघी खूप हसल्या. हे हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसणार.

त्यांच्या हॉलमध्ये एक काचेचं कपाट होतं, सतत बारीक गुणगुणणारं. सिंगापूरच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून फोटोवाले लोक असलं कपाट घेतात. आतली हवा कोरडी राहते. दारावर आर्द्रतेचा आकडा दिसायचा, आणि घरमालक येता-जाता तो आकडा बघायचे, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. त्या कपाटाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आणि तरीही वरच्या कप्प्यात, लेन्सच्या मागे, काकूंचे पापड असायचे. मिरजेहून आलेले उडदाचे पापड, कुरडया, एका डब्यात सांडगी मिरच्या. सिंगापुरात पापड आठवड्यात मऊ पडतात, आणि काकूंचं म्हणणं असं की एवढी कोरडी जागा घरात असताना पापड का म्हणून मऊ पडू द्यायचे?

"लेन्सला हिंगाचा वास येतोय!" शनिवारी सकाळी आरोळी यायची.

"मग काय फोटोत उतरतोय का वास?"

यावर ते निमूट कपाट उघडायचे. पापड बाहेर काढून टेबलावर ठेवायचे. संध्याकाळपर्यंत काकू ते परत आत ठेवायच्या. पाच वर्षं हे युद्ध मी बघितलं आणि त्यात कुणीही जिंकलं नाही.

फोटोंबद्दल त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी देवाच्या शपथेसारखा पाळला. फोटोत माणूस नको. एकही नको. पाठमोरा नको, लांबचा नको, सावलीसुद्धा नको. "माणूस आला की फोटो शिळा होतो," ते म्हणायचे. "माणसाची पँट बघून साल कळतं. फुलाला साल नसतं." त्यासाठी ते तास-तासभर थांबायचे. देवळात कुणी नमस्काराला आलं की ते जाईपर्यंत थांबायचं. दुसरं आलं की परत थांबायचं. आणि हे थांबत असताना काकू कुठे तरी बाजूला उभ्या, खांद्याला लेन्सची बॅग, हातात छत्री, अंगात तो जांभळा स्वेटर. "सरक गं जरा, सावली येतेय." काकू सरकायच्या. "अजून." काकू अजून सरकायच्या. असं सरकत सरकत त्या एकदा म्हणे देवळाबाहेर रस्त्यावर पोचल्या होत्या.

मी एकदा भेंडी चिरता चिरता त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही कशाला जाता हो? थंडीत नुसतं उभं राहायला?"

"स्वेटर घालायला मिळतो वर्षातून एकदा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि फुलांकडे कोण बघतंय? मी ह्यांच्याकडे बघते. वर्षभर कुरकुर करणारा माणूस फुलापुढे कसा गप्प होतो, तोंड कसं होतं त्याचं, ते बघण्यासारखं असतं. तुला नाही कळायचं अजून."

त्याच दिवशी त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली. दिवसभर काढलेले फोटो रात्री हॉटेलात बसून चाळायचे आणि बिघडलेले पुसायचे, हे काम काकूंचं होतं. घरमालकांना जवळचं नीट दिसत नसे, चष्मा वर-खाली करत बसायचे. काकूंची नजर चांगली. कोपऱ्यात कुणाची छत्री आली असेल, कुणाचं कोपर, कुणाची चप्पल, ते शोधायचं आणि तो फोटो उडवायचा.

"सगळ्यात जास्त मीच असते," काकू हसत म्हणाल्या. "कितीही सरका, कुठे ना कुठे येतेच मी. जांभळं काही दिसलं की दाबलं बटण."

"स्वतःचाच फोटो स्वतः पुसता?"

"मग दुसरं कोण पुसणार? त्यांना दिसत नाही ना."

मला ते अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, "एखादा ठेवत जा की हो."

"ठेवून काय करू? रोज आरशात दिसतंच की तोंड," त्या म्हणाल्या आणि भेंडीला फोडणी घातली.

हे इतकं अंगवळणी पडलं होतं की इथेही, कुठेही, कुणी फोन वर केला की काकू आपसूक बाजूला व्हायच्या. गणपतीत सगळ्या मराठी बायका नटूनथटून ओळीत उभ्या राहिल्या की काकू त्या ओळीतून निघून फोटो काढणाऱ्याच्या मागे जाऊन उभ्या. "अहो काकू, या ना!" "नको नको, तुम्ही घ्या. मी धरते पर्सा." आणि पाच-सहा पर्सा खांद्याला लावून हसत उभ्या राहायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. काकू अशाच, म्हणायचो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी स्लाइड शो असायचा. आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी यायची, कुणी बुकित तिमाहच्या कॉन्डोतून गाडी घेऊन, कुणी एमआरटीच्या मेट्रोने. हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर, खिडक्यांना पडदे, खाली सतरंजी. घरमालक प्रोजेक्टरपाशी स्टुलावर. सगळे फोटो दाखवून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि कुणी खायचं नाही. खरं सांगायचं तर लोक यायचे बटाटेवड्यांसाठी. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून एक डोळा कढईवर, एक चादरीवर ठेवून वडे तळायच्या, आणि तो वास येत असताना आम्ही अंधारात बसून फांदीवरची फुलं बघायचो.

प्रत्येक फोटोला घरमालक त्याच आवाजात माहिती द्यायचे. "सकाळी सातची वेळ. क्योतोजवळचं बुद्धाचं देऊळ. ऊन डावीकडून." बस. पुढचा. "आदल्या रात्री बर्फ. ऊन डावीकडून." ऊन कायम डावीकडून कसं असतं हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि मग स्वयंपाकघरातून दुसरी माहिती यायची.

"तिथे माझा पाय मुरगळला होता."

हॉलमध्ये खसखस पिकायची. पुढचा फोटो. एक जुना दगडी दिवा, त्याच्यावर ओणवी झालेली पांढरी फांदी.

"तिथे अडीच तास उभं केलंय मला. बसायला साधा दगड नव्हता."

पुढचा.

"इथे मला जोराची लागली होती आणि हे म्हणतात, पाच मिनिटं थांब, ऊन येतंय."

लोक पोट धरून हसायचे. घरमालक अंधाराकडे बघून म्हणायचे, "शांतता," आणि पुढची स्लाइड लावायचे. शेवटचा फोटो झाला की ते नुसतं म्हणायचे, "लाइट." हॉलच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. काकू बेसनाच्या हाताने ते दाबायच्या. त्या बटणावर कायम एक पिवळट डाग असायचा आणि घरमालक तो दर सोमवारी पुसायचे.

२०१५च्या मार्चमधला स्लाइड शो मला वेगळा आठवतो. वडे होते, चादर होती, काकूंचं बोलणंही होतं, पण कमी. मध्येच एक फोटो आला. गुलाबी उमे, मागे देवळाची पांढरी भिंत. सुंदर होता, मलासुद्धा आवडला. "दुपारी तीनची वेळ. ऊन डावीकडून," घरमालक म्हणाले. आम्ही सगळे सवयीने स्वयंपाकघराकडे कान लावून बसलो. काही आलं नाही. मी वळून बघितलं तर काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, झारा हातात, आणि चादरीकडे बघत होत्या. मग कढईकडे वळल्या. पुढचा फोटो आला आणि गेला.

नंतर मी विचारलं, "त्या गुलाबीला काही बोलला नाहीत?"

"पोटात दुखत होतं गं तिथे," त्या म्हणाल्या. "उभं राहवेना, म्हणून भिंतीपाशी खाली बसले. ह्यांनी कॅमेऱ्यातून डोळा न काढताच सांगितलं, अजून थोडी बाजूला बस, नाहीतर फ्रेममध्ये येशील. तेव्हापासून दुखतंच आहे. त्यात काय सांगायचं लोकांना?"

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी काय ते सांगितलं. ऑक्टोबरात काकू गेल्या. मधले महिने मी लिहिणार नाही. फक्त एवढंच सांगते की त्या सहा महिन्यांत घरमालक माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. मी एकदा मुद्दाम बाथरूमचा दिवा चालू ठेवला. टकटक झालीच नाही.

अग्नी इथेच दिला. मिरजेहून काकूंचा भाऊ आला होता. तो म्हणाला, घरात फोटो लावायला हवा, दिवा लावायचा तर फोटो नको का? साधी गोष्ट. ज्या घरात फोटोंनी भरलेल्या हार्ड डिस्कची चळत होती, तिथे एका फोटोची काय अडचण?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर घरमालक टेबलापाशी कॉम्प्युटर उघडून बसलेले. मी ऑफिसला गेले, परत आले, तरी तिथेच. चहा गार होऊन साय धरलेली. पडद्यावर फुलं. एक फोटो, दुसरा, तिसरा, सगळी फुलं. ते प्रत्येक फोटो मोठा करून कोपरे बघत होते, चष्मा वर-खाली करत. मी शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, "तुम्ही जरा पडा. माझे डोळे चांगले आहेत, मी बघते."

मी दोन दिवस बघितले. इतकी फुलं मी आयुष्यात बघितली नव्हती आणि पुढे कधी बघायची मला इच्छा नाही. जांभळा ठिपका कुठेच नव्हता. ना स्वेटरची बाही, ना छत्रीचं टोक, ना सावली. शेवटची हार्ड डिस्क संपली तेव्हा ते माझ्या मागे येऊन उभे होते.

"तिने एकही चुकवला नाही," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच रडले. ते उभेच राहिले, हात लटकते सोडून. मग म्हणाले, "तुझ्याकडे आहे का गं एखादा? फोनमध्ये?"

पाच वर्षांत पहिल्यांदा ते मला तू म्हणाले. मी फोन काढला. वड्यांच्या ताटाचा फोटो होता, ताट धरलेली चार बोटं आणि एक हिरवी बांगडी. गणपतीच्या ग्रुप फोटोच्या कडेला पर्सांचा गठ्ठा होता, पट्टे धरणारा हात मनगटापर्यंत. मी आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना निरोप पाठवले. सगळ्यांनी आपापले फोन उलटे-पालटे केले. एकीने फोटो पाठवला त्यात दुसऱ्याच कुणाच्या मुलाच्या डोक्यामागे काकूंचा अर्धा कान होता. तीही फोनवर रडली. म्हणाली, "अगं, आपण कधी बघितलंच नाही की काय त्यांच्याकडे?"

भावाने मिरजेहून लग्नातला फोटो मागवला. मुंडावळ्यांखाली एक भेदरलेली मुलगी. घरमालकांनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "ही मुलगी माझ्या फारशी ओळखीची नाही." मग पासपोर्टचा फोटो मोठा करून आणला. त्यात काकूंचे दोन्ही कान दिसत होते आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. तो फोटो तेराव्यापर्यंत टेबलावर राहिला. चौदाव्या दिवशी मी बघितलं तर पालथा घातलेला. "ती माझ्याकडे ऑफिसरकडे बघावं तशी बघते," ते म्हणाले. "असं ती कधी बघायची नाही." भिंतीवर त्यांनी खिळा ठोकून ठेवला होता. तो तसाच राहिला, नुसता खिळा.

मला त्यांची कीव यायची आणि त्यांचा रागही यायचा, दोन्ही एकदम. त्यांना सांगावंसं वाटायचं की बाबा रे, एकदा तरी म्हणायचं होतंस, ये, उभी राहा त्या झाडाखाली. एवढं काय शिळं झालं असतं? पण ज्याला हे आधीच माहीत आहे त्याला काय सांगायचं? ते रोज संध्याकाळी कपाटाच्या काचेवरचा आकडा बघायचे. वरच्या कप्प्यात लेन्सच्या शेजारी पापड होते. मी एकदा विचारलं, "तळू का चार? वरणभाताबरोबर?"

"नको," ते म्हणाले. "आहेत तेवढेच आहेत."

जानेवारीत एसी सोळावर गेला नाही. कानटोपी बाहेर निघाली नाही. मला वाटलं संपलं ते. फेब्रुवारीत एका सकाळी ते बॅग घेऊन हॉलमध्ये उभे दिसले. मी म्हटलं, "एकटेच जाताय?" ते म्हणाले, "हो." बॅगेच्या वर घडी करून जांभळा स्वेटर ठेवला होता. दार ओढून घेताना म्हणाले, "बाथरूमचा दिवा," आणि मला इतकं बरं वाटलं!

मार्चमध्ये सगळ्यांना नेहमीसारखा निरोप गेला. रविवारी सहा वाजता, वेळेवर. कुणी नाही म्हणालं नाही. सांगलीच्या एक वहिनी, काकूंच्या सगळ्यात जवळच्या, लिटल इंडियातून सामोसे घेऊन आल्या आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. स्वयंपाकघरात कुणालाच जावंसं वाटत नव्हतं. शेवटी पुडा चपलांच्या कपाटावर ठेवला. पडदे ओढले. दिवा घरमालकांनीच घालवला आणि ते स्टुलावर जाऊन बसले.

पहिली स्लाइड. दगडी पायऱ्या. ओल्या, शेवाळलेल्या. त्यावर काही नाही.

"सकाळी सातची वेळ," घरमालक म्हणाले. "ऊन डावीकडून." आणि मग म्हणाले, "इथे तिचा पाय मुरगळला होता."

कुणी हसलं नाही. कुणाला काही समजलंच नाही. दुसरी स्लाइड आली. देवळाच्या कुंपणाबाहेरचं, नाणं टाकून पेयाचा डबा काढायचं मशिन, त्याच्यासमोर रिकामा रस्ता.

"इथे तिने गरम कॉफीचा डबा घेतला होता. प्यायली नाही. हात शेकत होती."

तिसरी. एक लाकडी बाक.

"इथे तिला अडीच तास उभं केलं. हा बाक आता बसवलाय. तेव्हा नव्हता."

पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा होता, पहिल्यांदाच बोलावलेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याने विचारलं, "सर, फुलं कुठायत?"

"मागे आहेत," ते म्हणाले. "माझ्या पाठीमागे. मी ह्या बाजूला तोंड करून उभा राहिलो. ह्या सगळ्या ती उभी राहायची त्या जागा आहेत."

मग पुढची स्लाइड आली, एक तांबड्या रंगाचा लाकडी पूल, आणि घरमालक तोंड उघडायच्या आत वहिनी अंधारातून म्हणाल्या, "इथे छत्री उडाली त्यांची."

"हो," घरमालक म्हणाले. "छत्री."

"आणि तुम्ही म्हणालात, आधी फोटो होऊ दे."

"म्हणालो."

त्यानंतर प्रत्येक स्लाइडला कुणी ना कुणी बोलत गेलं. आम्हाला सगळं पाठ होतं. इतकी वर्षं आम्ही ते वड्यांच्या वासात ऐकलं होतं आणि विसरलो नव्हतो. इथे त्यांना जोराची लागली होती. इथे त्यांना एका म्हातारीने संत्रं दिलं. इथे त्या सरकत सरकत रस्त्यावर गेल्या. कुणी तरी काकूंच्या आवाजाची नक्कल केली, अगदी तशीच, आणि सगळे हसले, आणि हसता हसता वहिनींनी तोंडाला पदर लावला. घरमालक "शांतता" म्हणाले नाहीत. प्रत्येक वेळी मान हलवत होते. रिकामा रस्ता, रिकामी पायरी, रिकामा कोपरा, आणि आम्हाला सगळ्यांना काकू दिसत होत्या, खांद्याला बॅग, अंगात जांभळा स्वेटर. मला तरी दिसत होत्या.

शेवटची स्लाइड. एक पांढरी भिंत. तिच्या पायथ्याशी खडी, आणि खडीवर घडी घालून ठेवलेला स्वेटर. त्यांच्या सगळ्या फोटोंत माणसाचं म्हणावं असं पहिल्यांदाच काही आलेलं.

"दुपारी तीनची वेळ," ते म्हणाले. "ऊन डावीकडून."

आम्ही वाट बघत राहिलो. कुणालाही इथलं काही आठवेना. मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

"इथे ती काही म्हणाली नाही," घरमालक म्हणाले. "आणि मी विचारलं नाही."

ती भिंत बराच वेळ चादरीवर राहिली. मग त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि मिट्ट काळोख झाला.

"लाइट," ते म्हणाले. सवयीने. म्हणून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला.

कुणीच उठलं नाही. बटण स्वयंपाकघराच्या दाराशी होतं, आणि आमच्यापैकी एकालाही तिथे जाऊन उभं राहायचं नव्हतं.